शाल नको, कागद पुरा करा!

दरसाल २६ जानेवारी उजाडली की आमच्या तालुक्यातील मंडपवाल्याची, हारवाल्याची आणि शालीच्या दुकानदाराची चांदी होते. शाळेच्या पटांगणात गालिचा पडतो, कर्णा लागतो, पुढाऱ्यांच्या गाड्या धुरळा उडवीत येतात, आणि कोणी एक म्हातारा शिपाई किंवा एखाद्या गेलेल्या जवानाची बायको खुर्चीवर आणून बसवली जाते. मग भाषणे सुटतात. "बुलढाणा जिल्हा म्हणजे जिजाऊंचे माहेर! सिंदखेड राजाची ही माती! ही वीरांची खाण!" टाळ्या पडतात. शाल, नारळ, फोटो, आणि अर्ध्या तासात मंडप रिकामा! ती बाई शालीची घडी करून पिशवीत घालते आणि फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभी राहते. त्या शालीच्या खाली पिशवीत एक कागद असतो. तो तिने मुद्दाम बरोबर आणलेला असतो. तो मात्र मंडपातील एकाही शहाण्याने पाहिलेला नसतो.

हा लेख त्या कागदाविषयी आहे.

लिहिणारा कोणी परका टीकाकार नाही. आम्ही स्वतः पलटणीत सतरा वर्षे काढली, आणि घरी आल्यावर तालुक्याच्या माजी सैनिक समितीची चिटणिशी गळ्यात घेतली. त्या मंडपातील सतरंज्या आम्ही उचलल्या आहेत. त्या शाली आम्ही विकत आणल्या आहेत. म्हणून पुढे जे कडू लिहिले आहे, त्याचा पहिला घोट आम्हीच घेतो.

घाटाखालच्या एका खेड्यात सत्तरी ओलांडलेली एक विधवा राहते. नवरा शिपाई होता, त्याच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, पेन्शनराने दरसाल आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेतल्या साहेबापुढे उभे राहून अंगठा उठवला की भागत असे. आता फौजेची पेन्शन ‘स्पर्श’ नावाच्या संगणकी व्यवस्थेतून प्रयागराजहून चालते, आणि बोटाचा ठसा यंत्राने ओळखावा लागतो. जन्मभर कापूस वेचून आणि भांडी घासून जिच्या बोटांच्या रेघा झिजल्या, तिची बोटे यंत्र कोठून ओळखणार? दोन वेळा ती केंद्रावर गेली, दोन्ही वेळा हात हालवीत परत आली. तिसऱ्या वेळी तिने नातवाच्या हाती आमच्याकडे चिठ्ठी धाडली.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. ७ डिसेंबरचा ध्वजदिन तोंडावर होता. पाहुणे कोण, खुर्च्या किती, फोटो कोण काढणार, ह्या थोर प्रश्नांत आम्ही बुडालो होतो. चिठ्ठी वाचली आणि टेबलाच्या खणात टाकली. म्हटले, कार्यक्रम उरकला की पाहू. कार्यक्रम उरकला, पण लगेच २६ जानेवारीची गडबड सुरू झाली. तिकडे त्या बाईची पेन्शन बंद पडली. एक महिना नव्हे, दोन नव्हे, पाच महिने! किराणेवाल्याची उधारी वाढली, कानातली फुले गहाण पडली, आणि रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड झाली. अखेर आम्ही जागे झालो. बोटाचा ठसा जुळत नसला तर हातभर लांब कागदी दाखल्याचा मार्ग मोकळा असतो. तो दाखला भरून, अधिकाऱ्याची सही घेऊन धाडला आणि मागच्या बाकीसकट पैसे आले. ही सुवार्ता सांगायला आम्ही मोठ्या ऐटीत तिच्या दारी गेलो. तिने पाणी दिले, आणि म्हणाली:

"बापू, मी जित्ती हाय हे सरकारले सांगाले मले पाच महिने लागले. मेली असती त तुमी एका दिवसात हार घेऊन आले असते."

वाचकहो, आमच्या समितीचा असा खरा वार्षिक अहवाल आजवर कोणी लिहिला नव्हता! सरकारी कारकुनाने तिला छळले नव्हते, कोण्या सावकाराने तिचा कागद दाबला नव्हता. तो कागद आमच्या खणात पडला होता. आमचे वाडवडील म्हणत आले की लेखणी परक्याच्या हाती आहे म्हणून अडाणी नाडला जातो. खरेच होते ते. पण आज ग्रामपंचायतीत, कचेरीत, बँकेत आणि ह्या समित्यांत आमच्याच घरची पोरे बसली आहेत. मग आज अडाण्यास नाडतो कोण? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आरसा पुरे आहे.

समिती कशासाठी काढावी हे आमच्या जुन्या पेन्शनरांस आमच्यापेक्षा बरे कळत होते. गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले शिपाई. त्यांनी दापोलीस अनार्यदोषपरिहारक मंडळी काढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची फौजेतील भरती बंद केली, तेव्हा ह्या म्हाताऱ्याने काय केले? सत्कार समारंभ केले? नाही. त्याने आपल्या लोकांच्या नोकरीचा दाखला देऊन अर्ज लिहिला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तोच हक्क मागणारा अर्ज विलायतेतील भारतमंत्र्यापर्यंत धाडला. १९१४ चे महायुद्ध पेटले, माणसे अपुरी पडू लागली, तेव्हा सरकारास एकाएकी आठवण झाली आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपली, आणि १९२१ साली तीच पलटण मोडण्यात आली. गरज सरो, वैद्य मरो! पुन्हा दुसरे महायुद्ध आले, पुन्हा गरज पडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजतागायत मानाने उभी आहे.

ह्या गोष्टीचे सार काय? सरकार गोरे असो की काळे, शिपायाची आठवण त्यास गरजेच्या वेळी आपोआप होते. गरज सरल्यावर ती कोणीतरी करून द्यावी लागते, आणि ती टाळ्यांनी होत नाही, अर्जाने होते. पेन्शनरांच्या मंडळीचे पहिले हत्यार अर्ज हेच होते. आम्ही ते टाकून दिले आणि हातात हार घेतला.

कोणी म्हणेल, अहो, ह्यासाठी सरकारी खाते आहे ना? आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली इंडियन सोल्जर्स बोर्ड निघाले. त्याचेच नाव १९७५ पासून केंद्रीय सैनिक बोर्ड. त्याखाली राज्याचे सैनिक कल्याण खाते पुण्यास, आणि जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय बुलढाण्यास. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी. ह्या कार्यालयास आम्ही नावे ठेवीत नाही. पण जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तालुके तेरा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. कचेरी घाटावर, आणि बुलढाणा शहरास आगगाडी नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर तालुक्यातील म्हातारीने पूर्णा ओलांडावी, एस.टी. बदलावी, घाट चढावा, आणि खिडकीपाशी पोहोचल्यावर ऐकावे की, "आजी, एक झेरॉक्स कमी आहे." त्या एका झेरॉक्सच्या पायी तिचा दिवस जातो आणि दिवसाची मजुरी जाते. कार्यालयातील मोजकी माणसे तेरा तालुक्यांतील प्रत्येक उंबऱ्यावर जाऊ शकत नाहीत, हे उघड आहे. कचेरीची खिडकी आणि म्हातारीचा उंबरा ह्यांमध्ये जी वाट आहे, ती चालणे हेच तालुका समितीचे काम. त्याखेरीज समितीस दुसरे प्रयोजन नाही.

आता कागदात अडते कोठे, ते नीट सांगतो; कारण भाषणे करणाऱ्यांस हे ठाऊक नसते.

पहिली अडचण नावाची. पोरगा भरतीस गेला तेव्हा पलटणीच्या हिंदी कारकुनाने विठ्ठलाचा ‘बिट्ठल’ केला, गणपतचा ‘गनपत’ केला. कोठे आडनाव सुटले, कोठे गावाचे नावच आडनाव झाले. लग्न झाले, सासरी बायकोचे नाव बदलले. फौजेच्या दफ्तरी माहेरचे नाव, आधारात सासरचे, बँकेत तिसरेच. नवरा जिवंत आहे तोवर हे कोणास टोचत नाही. तो डोळे मिटतो त्या दिवशी सरकार विचारते की, दफ्तरातील कमळाबाई आणि खिडकीपुढे उभी असलेली कमल एकच कशावरून?

दुसरी अडचण वयाची. आमच्या खेड्यात साऱ्या म्हाताऱ्या १ जानेवारीस जन्मल्या आहेत! जन्मतारीख ठाऊक नसली की आधारावर तीच पडते. सालही अंदाजाने. आता नियम असा आहे की, पेन्शनर किंवा त्याची विधवा ८० वर्षांची झाली की मूळ पेन्शनीत २० टक्के भर पडते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० टक्के, आणि शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट. दफ्तरात वय पाच वर्षांनी कमी पडले असेल, तर पाच वर्षे ती भर बुडाली म्हणून समजा. वाढदिवसाचा केक आम्ही कापू, पण वय दुरुस्त करण्याचा अर्ज कोण लिहिणार?

तिसरी अडचण दफ्तराच्या ठिकाणाची. मराठा पलटणीचे दफ्तर बेळगावास, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागर येथे, तोफखान्याचे नाशिक रोडास, बॉम्बे सॅपर्सचे खडकीस. नाव सुधारायचे तर पत्र तिकडे जाणार, तेथून हुकूम निघून प्रयागराजास जाणार, मग पेन्शनीच्या हुकमात दुरुस्ती होणार. एका गावात चार पेन्शनर असले तर चार दिशांना चार पत्रे. हे काम अवघड नाही, फक्त चिकाटीचे आहे. पत्राचा क्रमांक लिहून ठेवायचा, महिन्याने स्मरणपत्र धाडायचे, पोच फाईलीस लावायची. शेतकऱ्याचे पोर ढेकळे फोडू शकते, तर हे करू शकत नाही काय?

चौथी अडचण अज्ञानाची. पंधरा वर्षे पुरी न भरता जे शिपाई घरी आले, त्यांना पेन्शन नाही. अशा हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या, पासष्टी ओलांडलेल्या गरीब माजी सैनिकास किंवा त्याच्या विधवेस ध्वजनिधीतून मासिक मदत मिळते. ती ४००० रुपये होती, २०२५ च्या नोव्हेंबरपासून ८००० रुपये झाली. मुलीच्या लग्नाची मदत ५० हजारांची एक लाख झाली. शिकणाऱ्या दोन मुलांपर्यंत दर मुलास महिना एक हजाराचे दोन हजार झाले. हे अर्ज जिल्हा कार्यालयाच्या हातूनच वर जातात. ह्याची दवंडी किती गावांत फिरली? ध्वजदिन १९४९ पासून साजरा होतो. दरसाल जिल्ह्यास निधीचे उद्दिष्ट मिळते, मास्तर आणि कारकून पदरचे पैसे घालतात, उद्दिष्ट गाठले की प्रशस्तिपत्रे वाटली जातात. बंधूंनो, पैसे किती गोळा झाले ह्याचे प्रशस्तिपत्र मिळते. ते पैसे आपल्या तालुक्यातील किती उंबऱ्यांपर्यंत पोहोचले, हे कोणी कोणास विचारतो काय? विहीर खणल्याचा समारंभ होतो, पण पाणी पाजणारा कोणी नाही!

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. माजी सैनिक म्हणावे कोणास?

आमच्या जिल्ह्याने अलीकडच्या काळात ज्यांच्यासाठी डोळे भरून रडले अशी तीन नावे घ्या. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि ४० जवान गेले. त्यांत दोन आमचे: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड. तिसरे नाव पिंपळगाव सराईच्या अक्षय लक्ष्मण गवते ह्या अग्निवीराचे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी सियाचीनच्या बर्फात कर्तव्यावर असताना तो गेला. अशा मोहिमेवर प्राण देणारा पहिला अग्निवीर तो आमचा.

आता नियमाचे पुस्तक उघडा. राखीव पोलीस दल हे गृहखात्याचे. त्याचा निवृत्त जवान संरक्षण खात्याच्या व्याख्येत माजी सैनिक ठरत नाही. २०१२ साली गृहखात्याने त्यांस ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी’ असे वेगळे नाव दिले, म्हणजे पाटी वेगळी आणि पंगतही वेगळी. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत नव्याने येणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले. त्यातून फौजेस वगळले, ह्या दलांस वगळले नाही. गोळी मात्र दोघांस सारखीच लागते. आणि अग्निवीर? २०२२ च्या योजनेप्रमाणे तो चार वर्षांचा शिपाई. चार वर्षांनी फार तर चौथा हिस्सा ठेवून घेतला जाणार; बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी. त्यांस पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ई.सी.एच.एस.चा दवाखाना नाही, कँटीन नाही.

म्हणजे ज्या तिघांच्या फोटोंना आम्ही हार घालतो, ते तिघेही जुन्या पुस्तकाच्या ‘माजी सैनिक’ ह्या व्याख्येबाहेर! मंडपावरच्या फलकावर ‘शहीद’ हा शब्द हातभर असतो. पण अशी अधिकृत संज्ञा फौजेतही नाही आणि केंद्रीय दलांतही नाही, असे सरकारने संसदेत सांगून ठेवले आहे. फलक रंगवणाऱ्यास हे ठाऊक नाही, हे समजू शकते. समितीच्या चिटणिसास ठाऊक नसेल, तर त्याने चिटणिशी सोडावी.

न्यायाची गोष्ट न्यायाने बोलली पाहिजे. अक्षयच्या मागे त्याच्या घरच्यांस काहीच मिळाले नाही, अशी आवई उठली होती. ती खोटी होती. विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, उरलेल्या मुदतीचा पगार, सेवानिधी, असा तपशील फौजेने तेव्हाच जाहीर केला. मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, रक्कम एकदा येते आणि पेन्शन मरेपर्यंत येते. नियमित शिपाई असाच गेला असता, तर त्याच्या माघारी घरी दरमहा पेन्शन चालू राहिली असती. अग्निवीराच्या घरी ती नाही. गरिबाच्या घरात आलेल्या एकरकमी पैशाला किती वाटा फुटतात, हे खेड्यातल्या माणसास सांगायला नको. भाऊबंद येतात, दलाल येतात, जमिनीचा सौदा घेऊन कोणी येतो, दामदुपटीची योजना घेऊन कोणी येतो. त्या वेळी त्या आईबापांशेजारी बसून, "दादा, सही करू नका, आधी कागद वाचू," असे म्हणणारा माणूस समितीचा असला पाहिजे. तो नसेल, तर समिती कशास काढली?

आणखी एक गोष्ट कानावर घालतो. २०२३ च्या आरंभी जे पहिले अग्निवीर प्रशिक्षणास गेले, त्यांची चार वर्षे २०२६ सरून २०२७ लागताना भरतात. पंचविशीच्या आतबाहेरची, कवायत केलेली, बंदूक चालवलेली पोरे गावोगाव परत येणार. केंद्रीय दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत. पण जाहीर होणे निराळे आणि अर्ज मुदतीत पडणे निराळे. ती पोरे आमच्या समितीच्या दारी आली तर आम्ही काय सांगणार? "तुम्ही पुस्तकात बसत नाही, बाहेर उभे राहा"? जन्मावरून, पाटीवरून माणसास दाराबाहेर उभे करण्याची रीत मोडण्यासाठी ज्यांच्या आज्यापणज्यांनी हाडाची काडे केली, त्यांच्याच नातवांनी आता हुद्द्याच्या आणि व्याख्येच्या नावाने नवी शिवाशिव मांडावी काय? सरकारची व्याख्या सरकारपाशी. ती बदलावी म्हणून आपण अर्ज करू, मोर्चे काढू, सारे करू. ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ हा हक्क २०१५ साली म्हाताऱ्यांनी दिल्लीत जंतरमंतरवर उन्हातान्हात बसून मिळवला, तसाच हाही मिळवू. पण आमच्या समितीची व्याख्या आमच्या हाती आहे. देशाचा गणवेश अंगावर चढवून जो घराबाहेर पडला, तो आमचा. आणि तो गेला तर त्याचे घर आमचे.

आता समित्यांच्या पोटातली दुखणी. एका तालुक्यात दोन दोन संघटना! एक ह्या पुढाऱ्याची, दुसरी त्या पुढाऱ्याची. निवडणूक आली की दोघांचे मेळावे, आणि निवडणूक गेली की दोघांच्या दारांस कुलूप. बैठकीत सुभेदारसाहेब पहिल्या खुर्चीवर, नायक मागच्या बाकावर, आणि शिपायाची विधवा दाराशी चटईवर! पलटणीत हुद्दा असावा, त्याशिवाय लढाई चालत नाही. पण पेन्शन घेतल्यावर खांद्यावरची पट्टी उतरली, ती डोक्यातूनही उतरू द्या. जातीचे तर विचारूच नका. मराठे म्हणतात अध्यक्ष आमचा, माळी म्हणतात आता आमची पाळी, बौद्ध बांधव वेगळे बसतात, बंजाऱ्यांच्या तांड्यावर बैठकीचे निमंत्रणच पोहोचत नाही, मुसलमान सैनिकाचे नाव यादीत शेवटी. एकाच खंदकात एकाच डब्यातले जेवलेले हे लोक, गावच्या वेशीत शिरताच पुन्हा आपापली पाने वेगळी मांडतात! आणि वर्गणीचा हिशेब? तो विचारणारा देशद्रोही! शिपायाच्या विधवेसाठी जमलेल्या पैशातून पाहुण्यांच्या जेवणाचा खर्च निघतो, ही गोष्ट बोलायला कठीण, पण न बोलणे त्याहून वाईट.

काही सज्जन म्हणतात, "सत्काराने तरुणांस स्फूर्ती येते, तुम्ही तो मोडता काय?" आम्ही तो मोडत नाही. पण तरुण आंधळा नाही. शेजारच्या घरची वीरपत्नी दोन वर्षे कचेरीचे उंबरे झिजवताना तो पाहतो, आणि मग त्याच बाईच्या खांद्यावर तुम्ही शाल घालता, तेव्हा त्यास काय स्फूर्ती येत असेल, हे त्यालाच विचारा. आधी कागद पुरा करा, मग शाल घाला. ती शाल मग शोभेल.

दुसरे म्हणतात, "आम्ही फुकट काम करतो, आम्हास जाब कसला?" फुकट काम करणाऱ्यास जाब नसतो, हा भ्रम आहे. उलट त्यालाच अधिक असतो. कारण त्याच्या भरवशावर बसून त्या बाईने दुसरे दार ठोठावलेले नसते. आमच्या खणातल्या चिठ्ठीने आम्हास हे शिकवले.

म्हणून आमच्या तालुक्यापुरते आम्ही पुढील नियम केले आहेत. इतर तालुक्यांनी ते घ्यावेत, किंवा ह्याहून चांगले करावेत. वाईट करू नयेत, एवढीच विनंती.

नोव्हेंबर महिन्यात एकही समारंभ नाही. तो महिना हयातीच्या दाखल्याचा. जी म्हातारी चालू शकत नाही, तिच्या घरी यंत्र घेऊन माणूस जाईल. बोट ओळखले नाही तर चेहऱ्यावरून, तेही नाही तर कागदी दाखला.

गाववार एक वही. पेन्शनर कोण, बिनपेन्शनर कोण, विधवा कोण, राखीव दलाचे कोण, अग्निवीर कोण. प्रत्येकाचे डिस्चार्ज बुक, पेन्शनीचा हुकूम, आधार, बँकेचे पुस्तक आणि लग्नाची नोंद ताडून पाहायची. जेथे नाव किंवा वय जुळत नाही तेथे तांबडी खूण, आणि ती दुरुस्ती नवरा जिवंत असतानाच करून घ्यायची. पेन्शनर बंधूंनो, हे वाचून झाल्यावर आधी घरात जा आणि आपल्या मालकिणीचे नाव फौजेच्या कागदात कसे लिहिले आहे ते पाहा. तिला दागिना देण्याऐवजी हे एक काम करा; तुमच्या माघारी ते तिच्या जन्माला पुरेल.

समितीत निम्म्या जागा विधवा आणि वीरमातांच्या. त्यांनी भाषण ऐकायचे नाही, जाब विचारायचा. बैठकीस खुर्च्या असतील तर सर्वांस, नसतील तर सर्वांस सतरंजी.

हिशेब दर सहा महिन्यांनी गावच्या पारावर मोठ्याने वाचायचा. कोणत्याही पक्षाचा चालू पदाधिकारी समितीचा पदाधिकारी नसावा.

आणि वार्षिक अहवालात सत्कार किती झाले ते लिहायचे नाही. कागद किती आले, किती पुरे झाले, किती अडले आणि कोणामुळे अडले, एवढेच लिहायचे. त्यात आमचे नाव आले, तर आमचेही लिहायचे.

आमच्या टेबलाचा तो खण आम्ही काढून टाकला आहे. आता आलेली चिठ्ठी टेबलावर, सर्वांच्या डोळ्यांपुढे पडून राहते, आणि येणारा जाणारा विचारतो, "चिटणीस, हे कोणाचे?" जिल्ह्यातील इतर समित्यांच्या कारभाऱ्यांनो, रागावू नका. घाटावरचे असा की घाटाखालचे, आज घरी गेल्यावर तुमचा खण एकदा उघडून पाहा. त्यात एखादी चिठ्ठी सापडली, तर येत्या सभेची तयारी बाजूला ठेवा आणि आधी त्या बाईच्या गावची एस.टी. धरा.

— घाटाखालचा एक पेन्शनर शिपाई